रूळ उचलल्यानंतर

रेल्वेत रुळांच्या कामाला ‘पर्मनंट वे’ म्हणतात. कायमचा रस्ता. लाइन बांधताना ठेकेदार दगडमाती वाहण्यासाठी आधी कच्चे रूळ टाकत. काम उरकलं की ते उचलत आणि मग खरे, कायमचे रूळ पडत. नाव त्यावरून आलं. या खात्यात माझी तेहेतीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी कर्जत-लोणावळा घाटात. ट्रॉलीवरून पाहणी होते, इंजिनात उभं राहूनही होते, पण लाइन कळते ती पायांना.

गेल्या ऑक्टोबरात लेकीकडे पिट्सबर्गला होतो. एका शनिवारी ती म्हणाली, “बाबा, उद्या तुम्हाला एक लाइन दाखवते. रूळ नाहीत तिच्यावर.”

मेरीलँडमधल्या कंबरलँडपासून पिट्सबर्गपर्यंत दीडशे मैलांची ही वाट आहे, नाव ग्रेट अ‍ॅलेगनी पॅसेज. तिचा मधला मोठा भाग म्हणजे वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा जुना मार्ग. आम्ही कॉन्फ्लुअन्स ते ओहायोपाइल एवढाच तुकडा चाललो, सुमारे अकरा मैल. कॉन्फ्लुअन्सला तीन प्रवाह एकत्र येतात आणि तिथून याकगेनी नदी डोंगर कापत निघते. तिच्या नावाचं स्पेलिंग भलतंच लांबलचक आहे, इथली माणसं प्रेमाने नुसतं ‘यॉक’ म्हणतात. उजवीकडे नदी, डावीकडे डोंगर आणि मधे ठेचलेल्या चुनखडीची सपाट वाट.

पहिला मैलभर माझे पाय गोंधळले होते. स्लीपरवरून चालणाऱ्याची पावलं वेगळी पडतात. आमच्याकडे मुख्य लाइनवर किलोमीटरला १६६० स्लीपर, म्हणजे दोन स्लीपरांत साठ सेंटिमीटर. एकेक स्लीपर घेतला तर पाऊल आखूड पडतं, दोन घेतले तर ताणतं. खडीवर उतरलात तर घोटा मुरगळतो. म्हणून नवा माणूस खडीच्या कडेच्या मातीच्या पट्टीवरून, सेसवरून, चालतो आणि रुळाच्या चाव्या तपासणारा मुरलेला चावीवाला आखूड पावलांनी स्लीपरवरूनच, नजर दहा-बारा हात पुढे ठेवून. ढिली चावी, सरकलेलं पॅड, रुळाच्या माथ्यावर उमटलेला डाग, असं काय काय त्या दहा-बारा हातांत दिसतं. तेहेतीस वर्षं मी तेवढंच पाहिलं. उल्हासचं खोरं माझ्या शेजारी होतं, पण मी ते पाहिलं ते जेवणाच्या सुट्टीत.

इथे पुढच्या बारा हातांत तपासायला काही नव्हतं. नजर वर न्यायला वेळ लागला. वर नेली तेव्हा ओक आणि मेपलची पानं झडत होती, हेमलॉक मात्र हिरवेगार होते आणि त्यांच्या सावलीला ऱ्होडोडेंड्रॉनची दाट जाळी.

पण लाइन लपत नाही. उतार मला पोटऱ्यांवरून कळला. कॉन्फ्लुअन्सपासून ओहायोपाइलपर्यंत साधारण शंभर फूट उतरण, म्हणजे जवळजवळ सहाशे फूट चाललात की फूटभर. डोळ्याला ती दिसत नाही. आमच्या घाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे, तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. दोन्हीकडे डोंगरच, पण इथे नदीने लाखो वर्षांत उतार काढून ठेवला होता आणि सर्व्हे करणाऱ्यांनी तिचंच बोट धरलं.

वळणांवर तर मी थांबतच होतो. मोटाररस्ता वळतो, तसा रूळ वळत नाही. सरळ लाइन हळूहळू, कळेल न कळेलशी वाकत जाते आणि मग खऱ्या वक्रात शिरते. वक्र मोजायला आम्ही रुळालगत वीस मीटर दोरी ताणून धरायचो आणि मधल्या बिंदूपाशी दोरीपासून रुळापर्यंतचं अंतर मोजायचो. शंभर मिलिमीटर भरलं तर त्रिज्या पाचशे मीटर. आज दोरी नव्हती, रूळही नव्हते, तरी वाटेच्या कडेवरून वक्र कुठे सुरू झाला ते पावलाला कळत होतं. नदीला बाक आला की ती डोंगराला बिलगून जाते. लाइनला तेवढं वाकता येत नाही, म्हणून जिथे डोंगर पुढे येतो तिथे खडक फोडलेला आणि जिथे मागे सरतो तिथे भराव घातलेला. एका ठिकाणचा फोडलेला दगड पुढच्या भरावात गेला असणार. हे हिशेब कुणीतरी कागदावर मांडले, कुणीतरी पाठीवर वाहिले. लेकीला मी हे सांगत होतो आणि ती मोबाइल खिशात ठेवून ऐकत होती.

पलीकडच्या काठावर दुसरी लाइन आहे, ती चालू आहे. ती आधीची, १८७१ची. चांगला काठ तिने घेतला होता, म्हणून १९१२ साली आलेल्या वेस्टर्न मेरीलँडला हा काठ पत्करावा लागला. पुढे दोन्ही एकाच मालकाच्या छत्राखाली आल्या. एका खोऱ्यात दोन लाइनी पोसायचं कारण उरलं नाही आणि १९७५ मध्ये ही बंद झाली. १९८६ मध्ये याच भागात वाटेचा पहिला टप्पा खुला झाला. दुपारी पलीकडून मालगाडी आली. मी वाटेच्या कडेला सरलो आणि तिच्याकडे तोंड करून उभा राहिलो. गाडी जाताना तिच्याकडे पाहायचं असतं. काही लोंबतंय का, कुठे धूर आहे का, एखादं चाक घासतंय का. शेवटचा डबा दिसेनासा झाला तेव्हा कुठे मी पाऊल उचललं.

ओहायोपाइलच्या दोन-अडीच मैल अलीकडे डोंगराच्या पायथ्याचा नाला तुंबला होता. पानं, हेमलॉकच्या काटक्या, वर गाळाचा थर, आणि मोरीचं तोंड जवळजवळ बुजलेलं. पाणी वाटेच्या कडेपर्यंत येऊन साचलं होतं.

रुळाचा खरा शत्रू गाडी नाही, पाणी आहे. घाटात मे महिनाभर आम्ही नाले उपसायचो. एका जुलैत मी असाच एक तुंबलेला नाला पाहिला, उद्या गँग पाठवू म्हणालो आणि पुढे गेलो. त्या रात्री चिखल आणि दगड रुळावर आले. गस्तीच्या माणसाने पावसात धावत जाऊन लाल बत्ती दाखवली आणि गाडी थांबली. कुणाला खरचटलंही नाही. त्या माणसाने मला कधी एक शब्द विचारला नाही. नाला कुणी पाहिला होता हे त्याला ठाऊक होतं.

मी काठी घेतली आणि उकिडवा बसलो. लेक म्हणाली, “बाबा, इथे आता गाडी येणार नाहीये.”

“माहीत आहे,” मी म्हटलं.

आधी काटक्या काढल्या, मग पानांचा लगदा हातानेच ओढला. ती जरा वेळ उभी राहिली, मग बाह्या सरसावून शेजारी बसली. पाणी गढूळ होऊन फिरलं, थांबलं आणि एकदम मोरीत शिरलं. वाटेखालून जाऊन पलीकडे दगडांवर पडल्याचा आवाज येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून होतो.