गाळ काढला, पुन्हा किती भरणार?

22 जुलै 2021 चा पूर चिपळूणकर विसरलेले नाहीत. तेव्हापासून वाशिष्ठीतला गाळ किती घनमीटर काढला, याच्या बातम्या होतात. मीही देतो. पण खणलेली जागा किती वर्षांत पुन्हा भरेल, हा प्रश्न मागेच राहतो.

त्याचं गणित मांडता येतं, मंडळी. कॉम्प्युटरवर नदी-खाडीच्या तळाचे छोटे छोटे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनात पाण्याचा वेग किती, वाळू-चिखल किती आला, किती वाहून गेला ते काढायचं, त्याप्रमाणे तळ वर-खाली करायचा आणि पुन्हा तेच. एका भरती-ओहोटीतला बदल ठरावीक पटीने वाढवला की पुढची 20-30 वर्षं थोडक्या वेळात तपासता येतात. असं काम करणारी केंद्रीय संस्था आपल्याच राज्यात, खडकवासल्याला आहे; तिची सुरुवात 1916 सालची.

वाशिष्ठीला तर याची गरज जास्तच. सह्याद्रीतून उतरणारा गाळ, कोयनेच्या वीजघरांतून येणारं पाणी आणि दाभोळकडून वर चढणारी भरती, तिघांचा हिशेब एकत्र लागतो.

मॉडेल म्हणजे ज्योतिष नव्हे. इथे खणलं तर काय, तिथे खणलं तर काय, एवढी तुलना त्यातून कळते. आणि तीही तळाची खरी मोजमापं दिली तरच. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर खोली मोजून आकडे जाहीर व्हायला हवेत.

मत मागायला येतील त्यांना एवढंच विचारा: डंपर मोजलेत, तळ कधी मोजणार?