ग्लासगोच्या चहागृहांत

स्कॉटलंडविषयीं आपल्या शाळेंतील मुलांस थोडीफार माहिती असतेच. इ. स. १८२९ मध्यें मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन त्याच देशाचे, आणि पुण्यांत जोतीराव फुले ज्या शाळेंत इंग्रजी शिकले ती शाळाही स्कॉटिश मिशनचीच. अशा देशांत जाऊन किल्ले व सरोवरें यांचें वर्णन न करतां आम्ही एका चहाच्या दुकानाविषयीं लिहिणार, हें ऐकून वाचक हंसतील. खुशाल हंसावें. किल्ल्यांचीं चित्रें भूगोलाच्या पुस्तकांत सांपडतील.

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या वडिलांस घेऊन आम्ही ग्लासगो शहरीं भाच्याकडे गेलों होतों. वडिलांना आम्ही सर्व भावंडें आबा म्हणतों. वय वर्षें ऐंशी. उभा जन्म प्राथमिक शाळेंत शिकविण्यांत गेलेला. भाच्यानें एके दिवशीं तिसऱ्या प्रहरीं सॉकीहॉल स्ट्रीटवरील विलो टी रूममध्यें आम्हां तिघांसाठीं टेबल राखून ठेविलें. 'विलो' म्हणजे आपल्याकडील वाळुंजाच्या जातीचें झाड. आणि त्या रस्त्याचें नांवही जुन्या स्कॉट भाषेंत वाळुंजांची जागा अशाच अर्थाचें आहे. आज तेथें झाड म्हणावें असें कांहीं दिसत नाहीं. जीं आहेत तीं सारीं त्या इमारतीच्या आंत, लांकडांत व कांचेंत.

हें चहागृह एका बाईनें काढिलें. मिस कॅथरिन क्रॅन्स्टन ह्यांचा जन्म १८४९ चा. त्यांचे बंधु स्टुअर्ट हे चहाचे व्यापारी. गिऱ्हाइकानें चहा चाखून मग विकत घ्यावा म्हणून त्यांनीं १८७५ मध्यें दुकानांत चार टेबलें मांडिलीं. बहिणीनें ती कल्पना उचलली आणि १८७८ मध्यें आपलें पहिलें चहागृह उघडलें. त्या काळीं ग्लासगोंत दारूचें व्यसन फार. दुपारीं कचेरींतून भूक लागून बाहेर पडलेल्या तरुण कारकुनास दारूच्या गुत्त्याखेरीज टेकावयास जागा मिळणें कठीण. बायकांची अडचण तर याहून मोठी. बाजारहाटास आलेल्या प्रतिष्ठित घरच्या स्त्रीनें एकटीनें कोठें बसून कांहीं खावें, अशी सोयच नव्हती. चहागृहानें हे दोन्ही प्रश्न एकदम सोडविले. मिस क्रॅन्स्टन लग्नानंतरही धंद्यांत माहेरचेंच नांव लावीत, आणि पन्नास वर्षें मागें पडलेला घेरदार झगा घालून दुकानांत वावरत. जाहिरातीचें मर्म त्यांस पक्कें उमगलें होतें, असें आम्हांस वाटतें.

विलोची इमारत १९०३ ची. चार्लस् रेनी मॅकिंटॉश ह्या ग्लासगोच्याच शिल्पकारानें ती घडविली. बाहेरच्या दर्शनी भिंतीपासून आंतल्या खुर्चीपर्यंत सर्व त्याच्या हातचें. पुढें १९१७ मध्यें पति वारल्यावर बाईंनीं धंदा आवरता घेतला, आणि ही वास्तु कित्येक वर्षें एका मोठ्या दुकानाचा भाग होऊन राहिली. २०१४ मध्यें एका विश्वस्त संस्थेनें ती विकत घेतली व जुनीं छायाचित्रें, जुने आराखडे पाहून २०१८ पर्यंत तिला पहिलें रूप परत दिलें.

पहिल्या मजल्यावरील 'सालों द लुक्स' नांवाच्या दालनांत आम्ही बसलों. त्याचें दुपाखी दार सबंध कांचेचें, शिशाच्या पट्ट्यांत जडविलेलें. भिंतींवर सभोंवार आरशांची व जांभळ्या कांचांची पट्टी. खुर्च्या रुपेरी, पाठी इतक्या उंच कीं बसलेल्या माणसाचें डोकें मागून दिसत नाहीं. एका भिंतीवर मॅकिंटॉशची पत्नी मार्गारेट हिनें केलेलें स्त्रियांचें उठावदार चित्र आहे. तें मात्र प्रतिकृति होय. मूळ चित्र त्याच शहराच्या केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयांत जपून ठेविलें आहे. बायकोची कला नवऱ्याच्या नांवाखालीं झांकून जाते ही तक्रार तिकडेही आहेच.

मग तीन मजली तबक आलें. सर्वांत खालीं सँडविच, मधल्या थाळींत स्कोन, वर केक. खालून वर खात जावयाचें. स्कोन मधोमध फोडून त्यास मुरंबा व घट्ट साय लावितात. चहा किटलींत, दूध निराळें. आबांनीं स्कोन कोरडाच उचलला, खारी बुडवावी तसा चहांत बुडविला, आणि मग उरलेला चहा शांतपणें बशींत ओतून फुरकण्यास आरंभ केला. भाच्यानें इकडेतिकडे पाहिलें. "आजोबा, इथें कपानेंच पितात," असें तो हळूच म्हणाला. आम्ही त्यास डोळ्यांनीं दटावलें. परंतु आबांना ऐकूं गेलें होतें.

"बाळा, तुला बशीची किंमत ठाऊक नाहीं," ते म्हणाले. "आमच्या गांवीं स्टँडपाशीं चहाचें हॉटेल होतें. आंत बांकडीं, पण तीं दुसऱ्यांना. आमच्यासाठीं बाहेरच्या भिंतींत कोनाडा. त्यांत दोन कप पालथे घातलेले, कान तुटलेले. बशी नसायचीच. चहावाला हात न लावतां वरून ओतायचा. पिऊन झालें कीं आपणच विसळायचा अन् पुन्हां पालथा घालायचा. पैसे मात्र सगळ्यांइतकेच घ्यायचा."

"पण आपण तर ख्रिस्ती ना?" भाच्यानें विचारलें.

"आम्हीं धर्म बदलला होता रे. कप कुठें बदलला होता?"

हे आम्हीं आबांच्या तोंडून पूर्वीं कधींही ऐकलें नव्हतें. घरांत चाळीस वर्षें त्यांच्यासमोर चहा पीत आलों. बशी हवीच हा त्यांचा हट्ट पाहत आलों. त्यामागें कोनाडा आहे हें ग्लासगोस जाऊन कळलें. राज्यघटनेनें १९५० पासून अस्पृश्यता बंद केली, दुकानें व उपाहारगृहें सर्वांस खुलीं केलीं, आणि १९५५ मध्यें शिक्षेचा कायदाही झाला. आबा सांगतात कीं ते दोन कप त्यानंतरही पुष्कळ वर्षें तेथेंच होते. ते काढले कोणी, केव्हां, हें विचारलें तेव्हां ते म्हणाले, "हॉटेलच बंद पडलें."

आपल्याकडे चहाच्या पेल्यानें मोठमोठ्यांची परीक्षा घेतली आहे. १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें पाहुण्यांपुढें चहाबिस्किटें आलीं. हजर असलेल्यांत न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोश्यांनीं मंडळींचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आणिलीं, आणि त्यावरून पुण्यांत असें रण माजलें कीं अखेर रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. ही गोष्ट आम्ही वर्गांत दरवर्षीं सांगतों व मुलें हंसतात. त्या गोष्टींत कप नाकारणारे व कप घेणारे दोघेही टेबलाशीं बसण्याजोगेच होते. कोनाड्यापाशीं उभे असलेल्यांची गोष्ट पाठ्यपुस्तकांत नाहीं.

किटलींतला चहा आसामचा होता. आसामचा चहा लंडनच्या बाजारांत प्रथम १८३९ मध्यें लिलांवास आला, अवघ्या आठ पेट्या. पुढें मळे वाढले तसे छोटा नागपूरकडून मजूर नेण्यांत आले, आणि करार मोडून पळणाऱ्या मजुरास मळेवाल्यानें स्वतःच पकडावें अशी मुभा १८६५ च्या कायद्यानें दिली. १९२१ मध्यें चरगोला खोऱ्यांतून हजारों मजूर मळे सोडून पायीं निघाले, तेव्हां चांदपूर येथें त्यांच्यावर गुरख्यांकडून हल्ला करविण्यांत आला. ग्लासगोंत जन्मलेल्या लिप्टन साहेबाचें नांव घरोघर आहे. ह्या मजुरांपैकीं एकाचें तरी नांव कोणास ठाऊक आहे काय? आबांस आम्ही हें सांगितलें तेव्हां त्यांनीं किटलीचें झांकण उघडून आंत पाहिलें व म्हणाले, "त्यांना कप तरी मिळत होता का?" आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

बिल आलें. आबांनीं मनांतल्या मनांत त्याचे रुपये केले असावेत, कारण ते थोडा वेळ बोललेच नाहींत. स्कॉटलंडांतील तीन बँका आपापल्या नोटा काढितात. त्यांपैकीं रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडनें २०२० मध्यें काढलेल्या वीस पौंडांच्या नोटेवर मिस क्रॅन्स्टन यांचें चित्र आहे. भाच्यानें तशीच नोट पाकिटांतून काढून टेबलावर ठेविली. आबांनीं ती उचलून चष्म्याजवळ नेली.

"ही चहावाली?"

"हो आजोबा."

"ही राहूं दे. तूं दुसरी दे."

दुसरी नव्हती, भाच्यानें बिल कार्डानें चुकतें केलें. बाहेर बारीक पाऊस पडत होता. ती नोट सध्यां आबांच्या शास्त्राच्या पुस्तकांत आहे; कोणत्या पानांत, तें ते सांगत नाहींत.