जाळी पुसलेला फोटो

सहावीच्या वर्गात निबंधासाठी मी स्वतः काढलेला फ्लेमिंगोचा फोटो लावला होता. हिरवट पाणी, एका पायावर उभा गुलाबी पक्षी. एका मुलीनं विचारलं, "सर, हा ठाण्याच्या खाडीतला ना?" मी "हं" म्हणालो आणि पुढे गेलो.

तो "हं" खोटा होता. फोटो परगावच्या एका पक्षीउद्यानातला. मध्ये जाळी होती. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवायची, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं, फोकस लांबच्या पक्ष्यावर धरायचा, की जाळी फोटोतून नाहीशी होते. तासभर खटपट करून मी ती घालवली आणि स्वतःवर खूश झालो. खाडीत फ्लेमिंगोला गुलाबी रंग शेवाळातून आणि कोळंबीसारख्या बारीक जिवांतून मिळतो. कोंडलेल्या पक्ष्याच्या खाद्यात ते द्रव्य नसेल, तर नवी पिसं फिकी येतात. म्हणजे फोटोतला रंगही बहुधा घमेल्यातून आलेला.

मत्स्यालयाच्या काचेनंही मला असंच भुलवलं आहे. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 सालचं. लहानपणी अब्बांचं बोट धरून ते पाहिलं. मासा चार हात जायचा आणि वळायचा. तो कोंडलेला आहे, हे कुणी सांगावं लागत नव्हतं. पुढे भावाकडे दुबईला गेलो, तेव्हा दुबई मॉलमधलं मत्स्यालय पाहिलं. एक कोटी लिटर पाणी, 48 मीटरचा बोगदा, डोक्यावरून जाणारे शार्क! फ्लॅश बंद ठेवून, लेन्स काचेला टेकवून पन्नासेक फोटो काढले. सगळ्यांत समुद्रच दिसतो. तिथल्या माशांना जागा जास्त आहे, हे कबूल. पण टाकी मोठी झाली आणि मला कैद दिसेनाशी झाली.

मांजर बांधून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. तिनं मांजरीला खायला दिलं नाही आणि स्वतःचं अन्न शोधायला सोडलंही नाही. मी नेहमी उपाशी ठेवण्यावर जोर देत आलो, सोडण्याचा भाग घाईत उरकत आलो. पक्षी पाळणं हरामच, असं मी म्हणत नाही. छोट्या अबू उमैरचं पाखरू मेलं, तेव्हा हुजूर (स.) यांनी मायेनं त्याची विचारपूस केली होती, तीही हदीसच आहे. माझी चूक वेगळी होती. कोंडलेला पक्षी मी मोकळा म्हणून दाखवला. आणि दरवर्षी 'पिंजऱ्यातील पोपटाचे मनोगत' लिहायला देणारा मास्तरही मीच!

दुसऱ्या दिवशी त्या फोटोशेजारी फसलेला म्हणून बाजूला ठेवलेला फोटो लावला. त्यात जाळी स्पष्ट होती. "काल मी खोटं बोललो," असं वर्गाला सांगितलं. दोन मिनिटं कुणी बोललं नाही.

मग तीच मुलगी म्हणाली, "सर, खाडीतले कधी दाखवणार?"

"थंडीत येतात ते. इन्शाअल्लाह, जाऊ."

यंदा कॅमेरा घरीच ठेवणार आहे.