तोंडात चाल, हातात ताल

कलावंताचे चरित्र सांगताना त्याच्या कलाकृती हाताशी असतात. शिक्षकाचे चरित्र सांगू गेले की मात्र पुढ्यात येतात ती इतरांची नावे. जॅझ ड्रमवादक ॲलन डॉसन यांच्याविषयी लिहिताना आमची हीच अडचण होते. त्यांच्या शिष्यांना जग ओळखते. त्यांचे स्वतःचे नाव जाणकारांच्या वर्तुळाबाहेर फारसे गेलेले नाही.

डॉसन यांचा जन्म १९२९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील मारिएटा येथे झाला. ते वाढले बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात. लष्करी सेवेत असताना ते तिथल्या वाद्यवृंदात वाजवत. १९५३ मध्ये लायनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदासोबत त्यांनी युरोपचा दौरा केला. या वयातल्या वादकाने पुढे न्यू यॉर्क गाठायचे, अशी त्या काळची रीत. डॉसन बॉस्टनलाच राहिले आणि १९५७ पासून तिथल्या बर्कली संगीत विद्यालयात शिकवू लागले. त्यांचे वादन थांबले असे मात्र नव्हे. सॅक्सोफोनवादक बुकर अर्विन यांच्या ध्वनिमुद्रिकांत ते आहेत. १९६८ पासून काही वर्षे डेव्ह ब्रूबेक यांच्या चमूतही होते. १९७५ मध्ये मणक्याच्या दुखण्याने दौरे आणि बर्कली दोन्ही सुटले, तेव्हा लेक्सिंग्टनच्या राहत्या घरी निवडक विद्यार्थ्यांचे शिक्षण सुरू झाले.

आम्हाला कुतूहल आहे ते त्यांच्या शिकवण्याच्या रीतीचे. टेड रीड यांचे १९५८ चे 'सिंकोपेशन' हे ड्रमचे साधे पाठ्यपुस्तक. त्यातली लयीची एकच ओळ डॉसन अनेक तऱ्हांनी वाजवून घेत: कधी ती डाव्या हाताने, कधी पायाने, तर कधी दोन्ही हातांत वाटून. पण खरी मेख पुढेच होती. हे सारे करताना विद्यार्थ्याने एखाद्या परिचित गाण्याची चाल मोठ्याने गायची! जॅझमधील पुष्कळ गाणी बत्तीस मापांची. पहिला आठ मापांचा खंड दोनदा येतो, मग वेगळा खंड, आणि पुन्हा पहिला. गाणारा विद्यार्थी या आराखड्यात आपण कुठे आहोत हे विसरूच शकत नाही. हात कितीही गुंतागुंतीचे काम करोत, त्यांना गाण्याच्या वळणावर हजर व्हावेच लागते.

मराठी वाचकाला इथे तबल्याची आठवण होईल. एकल वादनात तबलजीच्या पाठीशी संवादिनीचा लेहरा असतो. तो आवर्तन सांभाळतो म्हणून वादकाला उपजेची मुभा मिळते. डॉसन यांचा विद्यार्थी स्वतःचा लेहरा स्वतःच्या तोंडाने धरतो. मात्र तबल्याची पढंत बोलांची असते, आणि इथे मुखात बोल नाहीत, राग नाही, नुसती गाण्याची चाल आहे. योगायोग असा की डॉसन यांचे एक शिष्य स्टीव्ह स्मिथ पुढे दाक्षिणात्य कोन्नकोलकडे, म्हणजे मुखाने लय उच्चारण्याच्या विद्येकडे, वळले.

शिष्य म्हटले की घराण्याचा प्रश्न येतोच. टोनी विल्यम्स लहानपणी डॉसन यांच्याकडे शिकले आणि १९६३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, माइल्स डेव्हिस यांच्या चमूत गेले. टेरी लिन कॅरिंग्टन, व्हिनी कोलायुटा आणि स्मिथ हेही त्यांचेच विद्यार्थी. यांतला एकही दुसऱ्यासारखा वाजवत नाही, आणि डॉसन यांच्यासारखाही नाही. शिस्त कठोर होती: रूडिमेंट म्हणजे हातांची मूळ वळणे, ती प्रत्येकी ठरावीक मापे, न थांबता, क्रमाने, मुखोद्गत. पण त्या शिस्तीने शब्दसंपदा दिली, वाक्ये दिली नाहीत.

आम्ही साहित्य शिकवणारे. वृत्त शिकवायचे म्हणजे फळ्यावर लघु-गुरूंच्या खुणा करायच्या आणि गण पाडायचे, ही आमच्या वर्गांची परंपरा. मुले गण अचूक पाडतात. तीच ओळ मोठ्याने म्हणा म्हटले तर यतीपाशी अडखळतात. मोजणी आणि कविता यांची फारकत झालेली असते. अलीकडे आम्ही वर्गात एक नियम केला आहे: चालीवर म्हटल्याखेरीज कवितेचे गण पाडायचे नाहीत. लगक्रम मग कानाला आधी कळतो, वहीत नंतर उतरतो. परीक्षेच्या गुणांत याने काही फरक पडतो की नाही, हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला आहे.

डॉसन २३ फेब्रुवारी १९९६ रोजी गेले. वर्षभराने, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, विल्यम्सही गेले. डॉसन यांची पद्धती जॉन रॅम्से यांनी १९९७ मध्ये पुस्तकरूपात आणली. त्यातले पाठ आज कोणीही वाजवू शकतो. गाणे मात्र ज्याचे त्याने गायचे असते. वाचकांनी अर्विन यांची १९६३ ची 'द फ्रीडम बुक' मिळवून ऐकावी. आधी चाल गुणगुणून पाठ करावी, मग ती मनात धरून केवळ ड्रमकडे कान द्यावा. या शिक्षकाची ओळख करून घेण्याचा याहून चांगला मार्ग आम्हाला ठाऊक नाही.