आमचं तापट घराणं

कुणाला आपल्या घराण्याचा अभिमान असतो, कुणाला गावच्या पेढ्यांचा. आम्हा देवळेकरांना दोन्हींबद्दल फारसं बोलता येत नाही. कांद्याबद्दल तासभर बोलू. पण मग भावाचा विषय निघतो आणि कांदा न चिरताच डोळ्यांत पाणी येतं. म्हणून हल्ली मी पाहुण्यांना सांगतो, की आम्ही ज्वालामुखीचे वारसदार आहोत!

पाहुणा दचकून खिडकीबाहेर बघतो. बाहेर ऊन, धूळ आणि डोंगर. धूर काय तो शेजारच्या चुलीचा. पण गोष्ट खरी आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, लाव्हा वर आला आणि थरावर थर चढले. आज ते सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर मुलखावर पसरलेले आहेत. धोडपचा किल्ला घ्या की आमच्या घराचं जोतं, दगड एकाच भट्टीतला. डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात म्हणून या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात. मूळ शब्द स्वीडिश, अर्थ पायरी.

मग तो ज्वालामुखी गेला कुठे? मौज अशी, की तो गेलाच नाही, गेलो आपण! पोटातली शेगडी होती तिथंच राहिली आणि भारताची भूमी उत्तरेकडे सरकत आली. शास्त्रज्ञांच्या मते तीच शेगडी आज हिंदी महासागरातल्या रियुनियन या फ्रेंच बेटाखाली धगधगते आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी 2,632 मीटर उंच आणि अजून चांगलाच जागा आहे. 1977 साली त्याचा लाव्हा एका चर्चच्या दारापर्यंत आला आणि दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे गेला. आमचे काही नातेवाईक एवढीही मर्यादा पाळत नाहीत.

शेजारचं मॉरिशसही त्याच शेगडीवरचं. एकोणिसाव्या शतकात मराठी माणसं तिथं ऊसमळ्यांत राबायला गेली. इथला काळा दगड सोडून बोटीत बसली आणि उतरली ती पुन्हा त्याच वंशाच्या दगडावर!

वाटणी मात्र बरोबर झाली नाही. आम्हाला दगड आला, पाऊस तिकडे राहिला. आग्नेयेचे वारे समुद्रावरची वाफ आणून त्या बेटाच्या पूर्व उतारावर ओततात. जानेवारी 1966 मधल्या वादळात तिथं फॉक-फॉकला 24 तासांत 1,825 मिलिमीटर पाऊस पडला. तेवढा जमवायला देवळ्याला निदान तीन पावसाळे लागावेत! त्याच बेटाची पश्चिम बाजू मात्र बरीच कोरडी. आमचं दुःख समजेल ते तिथल्याच लोकांना. कारण आमच्याकडेही ढग येतात ते सह्याद्रीवर हात मोकळा करून.

त्यात हा खडक पाणी पीत नाही. पाणी मिळालं तर मुरमात, नाहीतर एखाद्या फटीत. आमच्या तात्यांनी विहिरीवर यारी लावली, सुरुंगांवर सुरुंग उडवले. सहाव्या परसाला करंगळीएवढा झरा लागला तेव्हा काकू ओटी घेऊनच आल्या. तात्यांनी मला विचारलं, "काय रे, किती वय म्हणालास या दगडाचं?"

मी आकडा सांगितला.

"आणि एवढ्या वयात चूळभर पाणी?" तात्या म्हणाले. मग वाकून मूठभर काळी माती उचलली, दाबून पाहिली. "पण झिजला म्हणजे बरा होतो हो. ओल धरतो. यंदा कांदा लावू!"