नाव लॅब्राडूडल, हमी कशाची?

जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. महिको इथलीच, १९६४ ची. संकरित म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. पहिलं पीक एकसारखं, पण त्याचंच बी ठेवून पेरलं की कुठं उंच, कुठं बुटकं. कुत्र्याचं पिल्लू घेताना मात्र हे सगळं विसरतो आपण.

ओळखीतल्या एकाला लॅब्राडूडल घ्यायचाय. पोरीला दमा आहे, अन् विकणारा छातीठोकपणे सांगतोय, याच्यानं अ‍ॅलर्जी होतच नाही!

हे नाव गाजलं कसं, ते ऐका. १९८९, ऑस्ट्रेलिया. अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन कामाला होते. हवाईतल्या एका अंध बाईंच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची अ‍ॅलर्जी. म्हणून लॅब्राडोर आणि पूडलचा संकर केला. पिल्लं झाली तीन. केस अन् लाळ तपासली, तर चाललं एकच. म्हणजे इथं पहिलं पीकसुद्धा एकसारखं नाही! उरलेल्या दोघांना कुणी घेईना, संकरित ना ती. मग कॉनरननी त्यांना 'लॅब्राडूडल' म्हटलं आणि फोन थांबेनात. कुत्री तीच. पुढं झालेला बाजार बघून ते स्वतःच पस्तावले.

बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती, शुद्धता छापावी लागते. १९६६ चा कायदा आहे. पिल्लाच्या केसांची अशी हमी कुठं छापलेली नसते. पण २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार ब्रीडरला राज्य पशुकल्याण मंडळाकडं नोंदणी करावी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पैसे देण्याआधी नोंदणी क्रमांक मागा. आणि पोरीला त्याच पिल्लाजवळ दोन-तीनदा बसवून बघा, डॉक्टरांना विचारून.