चार ठिपके

बर्मिंगहॅममधल्या आमच्या घरामागच्या परसात स्वयंपाकघराच्या दारापासून शेडपर्यंत सहा यार्ड भरतात. म्हणजे अठरा फूट. एवढ्या जागेत एक सफरचंदाचं झाड, कपडे वाळत घालायची दोरी आणि शेडला टेकवलेली, छरे झेलणारी लोखंडी पेटी. एवढ्यावर कोणीही नेम मारील, असं मला वाटायचं.

छर्‍याची बंदूक पहिल्यांदा हातात आली ती जोतिबाच्या चैत्र यात्रेत. दस्त्यावर गुलालाचा थर होता. पाच छर्‍यांत मी एकही फुगा फोडला नाही आणि फुगेवाल्याने नळी मुद्दाम वाकवली आहे, असं म्हणून भोकाड पसरलं. माझे वडील, आबा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करायचे. त्यांनी नळीवरच्या माशीतून एकदा बघितलं, लाल फुग्यावर नेम धरला आणि त्याच्या डावीकडचा पिवळा फोडला. "डावीकडं वडतीया. तू उजवीकडं धर." मी उजवीकडे धरली आणि फुगा फुटला. फुगेवाल्याशी भांडायचं सोडून आबांनी त्याला आणखी पाच छर्‍यांचे पैसे दिले.

बीएसए ही सायकल, एवढंच तेव्हा ठाऊक होतं. पुढे नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमला आलो तेव्हा कळलं की या अक्षरांचा अर्थ बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. इथल्या बंदूक कारागिरांनी १८६१ साली एकत्र येऊन ही कंपनी काढली. सायकली, मोटरसायकली मागाहून आल्या. जुन्या सामानाच्या बाजारात तिची खूण दिसली, एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका, आणि त्याच महिन्यात मी एक जुनी एअर रायफल घेतली. इंग्लंडमध्ये बारा फूट-पाउंडांच्या आतल्या जोराच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र २०१६ च्या ३१ डिसेंबरपासून लागतो. परसात मारायला मुभा आहे, पण छर्रा कुंपणाबाहेर गेला की गुन्हा. म्हणून पेटीमागे मी जाड फळी ठोकली.

नेमबाजीच्या क्लबात तीस यार्डांवर रायफल झिरो केली. स्कोपची, म्हणजे वरच्या दुर्बिणीची, फुली जिथे, तिथेच छर्रा. साडेचार मिलिमीटरचा तो शिशाचा दाणा एकाच भोकातून पुन्हा पुन्हा जायला लागला तेव्हा मी मनातल्या मनात फुगेवाल्याला माफ केलं. मग घरी येऊन परसात काडी उभी केली, फुली तिच्या गुलावर ठेवली आणि छर्रा बावीस मिलिमीटर खाली लागला. पुन्हा मारला. पुन्हा तिथेच.

स्कोपचं बटण एकेक घर फिरतं, टिक टिक करत. एका टिकेने शंभर यार्डांवर पाव इंच फरक पडतो; सहा यार्डांवर जेमतेम ०.४ मिलिमीटर. बावीस मिलिमीटर वर यायला पंचावन्न टिका! मोजत बसलो, फिरवल्या, काडी तुटली. पुढच्या रविवारी हे विसरून तसाच क्लबात गेलो. तीस यार्डांवर छरे अकरा सेंटिमीटर वर. शेजारच्या म्हातार्‍याने दुसरीकडे बघितल्यासारखं केलं. मी मुकाट्याने टिका उलट फिरवल्या.

२०२४ च्या उन्हाळ्यात आबा तीन महिने राहायला आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. बावीस वर्षं दर रविवारी आम्ही फोनवर बोलत आलो आणि आमचं कधी वाजलं नाही. पाऊस, उसाचं बिल, गुडघा, जेवलास का. सगळं नेमकं बसायचं. इथे एका छपराखाली आल्यावर तीच वाक्यं भलतीकडे लागायला लागली. "जेवलास का?" विचारलं की मला ते ऑफिसातून उशिरा आल्याबद्दलचं वाटायचं. मी "हीटर लावू का?" म्हटलं की त्यांना वाटायचं, हा मला म्हातारा समजतो. दुसर्‍या आठवड्यात ते परसातल्या खुर्चीवरच बसून राहायला लागले.

१ ऑगस्टला सकाळच्या चहाबरोबर टीव्हीवर पॅरिस ऑलिम्पिकमधली नेमबाजीची फायनल लावली. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, पन्नास मीटर, थ्री पोझिशन. कांस्यपदक पक्कं झालं तसे आबा उठून उभेच राहिले. "आपल्या राधानगरी तालुक्यातला!" मग २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल खेळांमधली तेजस्विनी सावंत निघाली. मीही २००२ ची अंजली भागवत सांगितली: खेळ मँचेस्टरचे, पण नेमबाजी इथे सरे परगण्यात, बिझलीला, तिथे तिने चार सुवर्णपदकं घेतली. दहा मीटर एअर रायफलच्या खेळात रायफलला दुर्बीण नसते आणि दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हे ऐकून आबांनी कप खाली ठेवला. "आण तुझी."

पहिला छर्रा त्यांचाही खालीच लागला. त्यांनी रायफल आडवी मांडीवर घेतली आणि खिशातल्या पट्टीने स्कोपच्या मध्यापासून नळीच्या मध्यापर्यंत मोजलं. त्रेचाळीस मिलिमीटर. "आरं, डोळा वर हाय नि नळी खाली. लांब मारलं की छर्‍याला डोळ्याच्या रेषेवर चढून याला जागा मिळती. हितं जवळ कुठली जागा?"

"मग टिका फिरवायच्या?"

"कशाला? लांबचं बसलंय ते मोडायचं न्हाई. जवळच्याला निराळं धरायचं."

स्कोपच्या फुलीवर बारीक ठिपके असतात. स्कोप दहापटीवर ठेवून त्यांनी खालचे ठिपके एकेक करून काडीवर आणले. चौथ्या ठिपक्यावर काडी तुटली. एवढ्या जवळ चित्र पुसट दिसत होतं, कारण माझ्या स्कोपची फोकसची कडी दहा यार्डांच्या अलीकडे येत नाही. त्यावर त्यांनी काळ्या पुठ्ठ्याची गोल चकती कापली, मधोमध पाच पेन्सच्या नाण्याएवढं भोक पाडलं आणि ती पुढच्या भिंगावर बसवली. उजेड कमी झाला, पण काडीचा गूल स्वच्छ दिसायला लागला.

त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "जेवलास का?" मी थोडं वर धरून ऐकलं. म्हटलं, "नाही, तुमच्यासाठी थांबलो." ताटं घेतली. बोललो फारसं नाही.

ऑक्टोबरात ते परत गेले. चकती अजून स्कोपवर आहे. कडेला त्यांच्या अक्षरात पेन्सिलीने '६ यार्ड – ४' लिहिलेलं. परवाच्या रविवारी फोनवर ऊस झाला, गुडघा झाला, आणि ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "झिरो हलवलं न्हाईस न्हवं?"

"नाही, आबा."

"मग बरं."